खाडा लिहायला जागा हवी

"मॅडम, ठरवते पण होत नाही. म्हणून ग्रुप जॉइन केला. आता ग्रुपचीच भीती वाटते."

मी समुपदेशक आहे. गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की समोरच्याने 'म्हणून ग्रुप' म्हटलं की पुढचं मला कळतं. कुणाला वजन कमी करायचं असतं, कुणाला सिगारेट सोडायची असते, कुणाचा तबल्याचा रियाज सुटलेला असतो. मोबाइलवर वीस-तीस अनोळखी माणसांचा गट असतो आणि रोज रात्री 'झालं' म्हणून तिथे हिरवी खूण टाकायची असते. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहाचे जातात. मग एक दिवस चुकतो, आणि ज्या गटाचा आधार घेतला त्याच गटापासून माणूस तोंड लपवू लागतो. "सोडून देऊ का ग्रुप?" असं विचारतात. बहुतेकांना मी सोडू नका म्हणते. का, ते वैशालीच्या गोष्टीतून सांगते. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.

वैशाली ४१ वर्षांची, नागपुरातल्या एका पतसंस्थेत पंधरा वर्षं नोकरीला. तिला सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा पदविकेची, परीक्षा द्यायची होती. या परीक्षेमुळे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा रस्ता उघडतो. दोनदा फॉर्म भरला होता, दोन्ही वेळा परीक्षेला बसलीच नव्हती. तिसऱ्यांदा हाच अभ्यास करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात गेली. सांगली, लातूर, अकोला, नाशिक, सगळीकडची एकतीस माणसं. रात्री दहापर्यंत हिरवी टिक टाकायची, आणि सलग तीन दिवस टिक नसेल तर ॲडमिन नाव काढून टाकणार.

जानेवारीत ती माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. अर्धा तास सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल, मुलाच्या दहावीबद्दल बोलत होती. उठता उठता म्हणाली, "एक सांगू का मॅडम? मी खोटं बोलून राहिली. अभ्यास होत नाही आणि मी टिक टाकून देते."

"किती दिवस?"

"एकोणीस." आकडा तोंडपाठ होता.

मी विचारलं, खूण नाही टाकली तर काय होईल? ती म्हणाली, "ग्रुपातून काढतीन. पण ते नाही हो. टिक लागलीच पाहिजे नं. एवढंही नाही जमलं तर मग मी बेजबाबदारच."

त्या वाक्यातले दोन 'च' मी वहीत लिहून घेतले. माणसाचा त्रास घटनेपेक्षा 'असंच झालं पाहिजे' या हट्टातून वाढतो, असं सांगणारी जी उपचारपद्धती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली, तिच्यावर माझं काम उभं आहे, आणि मराठीत काम करताना मला तिचा एक फायदा सतत जाणवतो: आपल्या भाषेत हट्ट एका अक्षरात मावतो. 'अभ्यास व्हायला हवा' म्हणणारा माणूस एखाद्या दिवशी नाही झाला तर हळहळतो. 'झालाच पाहिजे' म्हणणारा नाही झाला की स्वतःला मोडीत काढतो. इच्छा तीच असते. त्या 'च'ने चूक कृतीवरून उचलून माणसावर ठेवलेली असते.

दुसऱ्या भेटीत मला वाटलं, हिच्या कामातलंच उदाहरण द्यावं. विचारलं, "संध्याकाळी कॅश दोनशे रुपयांनी कमी भरली तर काय करता?"

"तूट दाखवतो. मग व्हाउचरं काढून बसतो."

"जुळली असं लिहून टाकत नाही?"

तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी अफरातफरच केली नं मॅडम."

मला म्हणायचं होतं की तूट लिहिणं ही रोजची, साधी गोष्ट आहे. तिच्या कानावर पोचला तो आरोप. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते: जो माणूस आधीच स्वतःच्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, त्याच्यासमोर प्रामाणिकपणाचं उदाहरण ठेवायचं नाही. तो त्यातून स्वतःविरुद्ध पुरावाच काढतो.

पंधरा दिवसांनी आली ती पर्समध्ये घडी घातलेला एक कागद घेऊन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान होतं. फोडणीचे दोन पिवळे डाग, सिलिंडरची तारीख, आणि चार चौकटींत निळ्या पेनाने लिहिलेलं एकच अक्षर: 'खा'.

"काल दुधवाल्याचा हिशोब केला मॅडम. चार खाडे. दोन दिवस आम्ही वर्ध्याला लग्नाला गेलो होतो, एक दिवस तोच आला नाही, आणि एकदा मी भांडंच बाहेर ठेवलं नव्हतं. सत्तावीस दिवसांचे पैसे दिले. तो काही बोलला नाही, मीही काही बोलली नाही." ती थांबली. चारही चौकटींवरून तिने बोट फिरवलं. "आणि एक तारखेला सकाळी दूध आलंच नं."

मी काहीच बोलले नाही. असे क्षण समुपदेशकाच्या वाट्याला थोडे येतात, आणि ते न बोलण्यानेच टिकतात, हे मला एवढ्या वर्षांनी जमू लागलं आहे. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती तीन-चार किकांनंतर सुरू झाली आणि निघून गेली.

मग तीच म्हणाली, "दुधाचा खाडा लिहितानी मला लाज नाही वाटत. अभ्यासाचा खाडा लिहायला तिथं जागाच नाही. एक तं टिक टाका, नाही तं गायब व्हा."

तिने जे शोधलं ते मीही तोवर पाहिलं नव्हतं, हे मोकळेपणाने सांगते. मी तिच्या खोटेपणाच्या मागे लागले होते, ती खोटं का बोलते, कुणाला घाबरते, लहानपणी कुणी ओरडायचं का. खरी अडचण त्या गटाच्या रचनेत होती. रिकाम्या दिवसासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता. जिथे 'आज नाही झालं' म्हणायची सोय नसते, तिथे भली माणसंही खोटं बोलतात किंवा निघून जातात, आणि दोन्हींत नुकसान ध्येयाचंच होतं.

आपल्याकडे जाब आणि हिशोब हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे फार बरं आहे. जाब वरचा माणूस खालच्याला विचारतो, आणि तिथे 'का नाही केलंस?' हा प्रश्न असतो. हिशोब बरोबरीच्या माणसांत होतो: किती झालं, किती राहिलं, पुढचं कधी. बचत गटात बसणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. दहा ते वीस जणी गोल करून बसतात, रजिस्टर उघडतं, एखादीचा हप्ता आला नसेल तर तिच्या नावापुढे बाकी पडते, आणि ती बाई पुढच्या बैठकीलाही तिथेच असते. मद्यमुक्तीसाठी १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आज जगभर पसरली आहे. तिथेही घसरलेला माणूस परत येऊन पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो, आणि त्याला खुर्ची दिली जाते. ऑनलाइन गटांचं सगळं बळ याच जागी आहे. लोकांनी बघितलं म्हणून काम होतं, हे थोडे दिवस खरं असतं. 'मी परत येऊ शकते' ही खात्री असली तर काम वर्षभर चालतं.

वैशाली आकड्यांची बाई. तिला मी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास सांगितला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. ९६ लोकांनी रोजची एक नवी सवय लावायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ लागतील तर कुणाला २५४, इतका फरक होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

"मग ते एकवीस दिवसांत सवय लावायचं चॅलेंज?"

ते मुळात १९६० च्या सुमारास एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने नोंदवलेलं निरीक्षण. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने म्हटलं होतं. त्यातला 'किमान' वाटेत कुठेतरी गळाला. हे ऐकून ती खूप वेळ मान हलवत राहिली.

त्या रात्री काय लिहायचं ते आम्ही बसून ठरवलं, म्हणजे तिने ठरवलं आणि मी फक्त 'माफ करा' हे शब्द काढायला लावले. साडेनऊला तिने ग्रुपवर लिहिलं: "आज खाडा. सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. मागच्या टिक्सपैकी एकोणीस खोट्या होत्या. उद्या सकाळी ५:१५ ला कलम ८१ पासून सुरू." (कलम ८१ म्हणजे सहकारी संस्था अधिनियमातलं लेखापरीक्षणाचं कलम.)

अकरा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. तिने ती घड्याळात मोजली होती. मग सांगलीच्या एका बाईंचा मेसेज आला: "माझ्या मी मोजल्या नाहीत. पण आहेत." त्यानंतर अकोल्याचा एक मुलगा, मग आणखी दोघं.

सगळंच गोड झालं असं नाही. ॲडमिन चिडले. त्यांनी मेहनतीने बांधलेली शिस्त होती ती. त्यांचं म्हणणं, असं केलं तर रोज सगळे खाडेच टाकतील. दोघंजण ग्रुप सोडून गेले. ॲडमिनची शंका मला रास्त वाटली, आणि तसं मी वैशालीला सांगितलंही. खाडा फार स्वस्त झाला तर तो पळवाट होतो. दुधाच्या हिशोबातही खाडा लिहिला जातो तो उद्याचं दूध येणार हे गृहीत धरूनच. म्हणून त्यांनी आपसांत ठरवलं की 'खा' लिहिणाऱ्याने त्याच ओळीत उद्याची वेळ आणि पहिलं पान लिहायचं. सलग दोन 'खा' आले तर जोडीदाराने फोन करायचा, आणि फोनवर 'का नाही केलं' हा प्रश्न विचारायचा नाही, 'काय झालं' एवढंच विचारायचं. वैशालीची जोडी सांगलीच्या बाईंशी जमली. दोघी आजवर भेटलेल्या नाहीत.

अशाच कुठल्या गटात तुम्ही असाल तर माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. गटात निकाल सांगू नका, कृती सांगा. 'पाच किलो कमी करणार' या वाक्याला शाबासकी लगेच मिळते, आणि मनाला वाटतं, थोडं झालंच की. 'संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चपला न काढता अंबाझरी तलावापर्यंत चालत जाणार' या वाक्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण ते पायांना कळतं. कधी, कुठे आणि कशानंतर, एवढं ठरलेलं असलं की हेतू कामात उतरण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये नीट मांडलं आहे. वैशालीचं वाक्य होतं, 'दूध गॅसवर ठेवलं की पुस्तक उघडायचं.' दूध उतू जाईपर्यंत ती वाचत बसते असं दोनदा झालं, तेही तिने मला कौतुकाने सांगितलं.

एकतीस माणसांचा गट मला मोठाच वाटतो. तुमच्या नसण्याने ज्याला चुकल्यासारखं वाटेल असा निदान एक माणूस हवा. गट छोटा करता येत नसेल तर त्यातला एक जोडीदार धरा. आणि घरच्यांना, नातेवाइकांना सुरुवातीलाच जाहीर करायची घाई करू नका. त्यांच्याशी आपले इतर हिशोब पुष्कळ असतात, त्यात हा मिसळतो. अनोळखी माणसांचा इथे फायदाच होतो, कारण त्यांना तुमचं बारावीचं मार्कशीट माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. दोन आठवडे उलटले तरी मन उदास आहे, आवडीचंही काही करावंसं वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर तो शिस्तीचा प्रश्न नसेल. तेव्हा गटात खुणा टाकत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. वैशालीच्या बाबतीतही मी आधी हे तपासूनच पुढे गेले होते. तिची झोप त्या अकरा मिनिटांनंतर आठवडाभरात परत आली.

आमच्या भेटी मार्चमध्ये थांबल्या. एप्रिलच्या शेवटी तिने कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या पेनाने दुधाचे खाडे, लाल पेनाने अभ्यासाचे. निळे दोन, लाल सात. खाली काही लिहिलं नव्हतं.

परीक्षा मे महिन्यात झाली, नागपूरच्या ऐन उन्हात. शेवटचा पेपर संपला त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि ती उसाचा रस पीत असावी, कारण मधे मधे थांबत होती.

"सगळे पेपर दिले मॅडम. एकही नाही सोडला." मग ग्लास ठेवल्याचा आवाज आला. "ग्रुपवर टाकूनही दिलं. आज खाडा, आणि उद्याची वेळ नाही."