चिकू अजून पुण्यातच आहे

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, माझा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचा आफ्रिकन ग्रे पोपट, चिकू, आषाढात आमच्याकडे आला. वय नऊ वर्षं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो मोकळा फिरायचा, भाच्याच्या खांद्यावर बसायचा. इथे आल्यापासून पिंजऱ्याचा मागचा कोपरा सोडत नाही. सूर्यफुलाच्या बियांशिवाय कशाला चोच लावत नाही. हात पुढे केला की गुरगुरतो, एकदा मिस्टरांना कडकडून चावला. रोज संध्याकाळी लिफ्टच्या दाराचा आवाज काढतो आणि अगदी भाच्याच्या आवाजात "चिकू, आलो रे" म्हणतो. छातीवरची थोडी पिसं उपटलेली दिसतात. आता गणपतीला मुंबईची मंडळी येतील, घरात वीस-बावीस माणसं होतील. आमचं काही चुकतंय का? तो रुळेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, "आलो रे" वाचलं आणि तुमचं पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. पुण्यात त्याच वेळेला भाचा कामावरून घरी यायचा, हो ना? चिकू त्याची वाट बघतोय. हे पक्षी रानात थव्याने राहतात. आपल्यातलं कोणी दिसेनासं झालं की हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची, ही त्यांची रीत. चिकूचा थवा म्हणजे तो एकटा भाचा. तेव्हा तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका. तो रुळेल, पण दिवसांचा हिशोब त्याच्या मनाने होऊ द्या.

या जातीची बुद्धी केवढी, ते आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने जगाला दाखवलं. त्यांचा ॲलेक्स नावाचा ग्रे पोपट 2007 साली गेला, तोवर त्याला शंभराहून जास्त शब्द येत होते आणि वस्तूचा रंग, आकार विचारला तर तो सांगायचा. असल्या डोक्याच्या पक्ष्याचं माणूस, घर, आवाज, उजेड सगळं एका दिवसात बदललं, तर तो कोपरा धरून बसणारच.

मी नोकरीत होतो तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगतो. सिंधुदुर्गात दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघण्यात माझी वर्षं गेली. पोपट पुस्तकात वाचलेला तेवढाच. गावात बोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे ग्रे होता. ते वारले आणि तेराव्यानंतर त्यांची बायको पिंजरा घेऊन माझ्याकडे आली. "चार दिस झाले डॉक्टर, कायएक खाणा नाय." मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, घट्ट धरलं आणि सिरिंजने पेज भरवली. वजन केलं नाही, विष्ठा बघितली नाही. दुसऱ्या दिवशी पिंजरा साफ करताना तळाच्या कागदाखाली टरफलं सापडली. तो खात होता. पहाटे, कोणी बघत नसताना, गुपचूप खात होता. मी उगीच त्याला धरलं. पुढे वर्षभर नुसता टॉवेल दोरीवर दिसला तरी तो गजांवर अंग आपटायचा.

त्या वहिनींनी तो पोपट माझ्याकडेच ठेवला. तो मालकासारखा खोकायचा आणि त्यांच्याच आवाजात "गो, चाय ठेव" म्हणायचा. ते त्यांना ऐकवत नव्हतं.

मग मी रोज संध्याकाळी पाच वाजता पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो. तोंड त्याच्याकडे करायचं नाही, जरा तिरकं बसायचं. टक लावून बघणारे दोन डोळे म्हणजे त्याच्या लेखी शिकारी. अर्धा तास झाला की ओल्या खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा वाटीत टाकायचा आणि उठून जायचं. आधी तो मी आत गेल्यावर खायचा. मग मी दारात असताना खाऊ लागला. दुसरा महिना संपत आला तेव्हा एक दिवस मी तुकडा गजांमधून धरला आणि हात तसाच ठेवला. तो दांडीवरून एक पाऊल पुढे आला, थांबला, आणखी एक पाऊल आला. आधी त्याने चोच लावलीच नाही. काळी, जाड, कोरडी जीभ माझ्या नखाला लावून बघितली, मग तुकडा इतका हलका उचलला की बोटांना कळलंसुद्धा नाही. पायात धरून खाताना त्याने डोळे अर्धे मिटले होते. त्या रात्री झोपताना चोच घासल्याचा करकर आवाज आला. पोपट निश्चिंत असला की झोपताना तो आवाज करतो. चिकूचा तसा आवाज आला की मला जरूर कळवा.

तुम्हीही असंच करा. घरातल्या एकाच माणसाने, ठरल्या वेळी. हात आत घालून त्याला उचलायला जाऊ नका. तो स्वतः पुढे येऊन खाऊ घ्यायला लागला की दार उघडून हातावर खाऊ ठेवा, मग पोटापाशी बोट धरा आणि चढायचं की नाही ते त्याच्यावर सोडा. मान ताठ, डोक्यावरची पिसं उभी, बुबुळं भराभर लहानमोठी होताहेत, असं दिसलं की मागे व्हा. मिस्टरांना तो चावला, कारण त्याआधी त्याने गुरगुरून सांगितलं होतं. चावला तर ओरडू नका, मारू तर मुळीच नका. हात शांतपणे काढून घ्या. आणि संध्याकाळी तो "आलो रे" म्हणाला की गप्प राहू नका, दुसऱ्या खोलीतून का होईना उत्तर द्या. "चिकू, आहे मी इथे" असं रोज त्याच शब्दांत. भाच्याला मात्र सध्या व्हिडीओ कॉलवर आणू नका. आवाज येतो आणि माणूस येत नाही, याने काही पक्षी जास्तच बिथरलेले मी पाहिलेत.

आता खाणं. ग्रेचं वजन साधारण 400 ते 500 ग्रॅम असतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी दांडी बसवा आणि तो बाहेर येऊ लागला की रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. दहा टक्के घट झाली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. तोवर टरफलं मोजा आणि विष्ठा बघा. तिच्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात : हिरवट मळ, पांढरा चुन्यासारखा भाग आणि थोडं पाणी. नुसतं हिरवं पाणी आणि पांढरं, मळ जवळजवळ नाहीच, म्हणजे पोटात अन्न जात नाही.

सूर्यफुलाच्या बिया एकदम बंद करू नका, उपाशी राहील. पण नुसत्या बियांवर ठेवूही नका. त्यात तेल भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी कमी, आणि कॅल्शियम कमी पडलं की ग्रे पोपटांना झटके येतात. बियांमध्ये लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, पपई थोडं थोडं मिसळत जा. त्याच्यासमोर तुम्ही स्वतः खा; थव्यातलं कोणी खाताना दिसलं की त्यालाही धीर येतो. कॅल्शियमसाठी तुम्हाला दुकानात जायलाही नको. माकुलाचं ते पांढरं, हलकं समुद्रफेण तुमच्या किनाऱ्यावर वाळूत पडलेलं असतं. घासून धुवा, गोड्या पाण्यात चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवा, पाऊस उघडला की कडक वाळवा आणि गजाला तारेने बांधा. सकाळचं कोवळं ऊनही हवं, काचेतून येणारं चालत नाही. मात्र पडवीत पिंजरा ठेवलात तर शेजारी बसा; मांजर, कावळा, धामण, सगळ्यांना पिंजरा दिसतो. कोंबड्या असतील तर त्यांच्यापासून लांब ठेवा, त्यांना हाताळून आलात की हात धुवा. कोंबड्यांची मानमोडी पोपटालाही होऊ शकते. कॉफी, चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, खारवलेलं काही आणि ॲव्होकॅडो अजिबात नको.

आपल्या पावसाची मात्र काळजी नको. याचं मूळ घरच घाना, कॅमेरून, काँगोकडच्या पावसाळी जंगलात आहे. पागोळ्यांचा आवाज सुरू झाला की बारीक फवाऱ्याने अंगावर पाणी उडवून बघा, बहुतेक पंख पसरून उभा राहील. भीती आहे ती बुरशीची. पावसाळ्यात दमट झालेले शेंगदाणे आणि बिया त्याला देऊ नका, फुप्फुसाला बुरशी लागली की हे पक्षी वाचवणं फार कठीण जातं. बिया घट्ट डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा आणि फळ-भाजी दोन तासांत काढून टाका.

पिंजरा माजघरात, एका बाजूला भिंत लागेल असा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणारी वाफ पोपटाला काही मिनिटांत मारते, माणसाला वाससुद्धा येत नाही. चुलीचा धूर, काजू भाजतानाचा धूर, डासांची कॉइल, फिनेल, सगळं त्याच्यापासून लांब. दांड्या पेरूच्या फांदीच्या करा, जाडी वेगवेगळी ठेवा. कण्हेर अंगणात असली तरी तिची काडीही पिंजऱ्यात जाता कामा नये, ती विषारी आहे. तो बाहेर येऊ लागला की खोलीतला पंखा बंद, खिडक्यांना जाळ्या. पंख कापू नका, धास्तावलेल्या पक्ष्याला तो आणखी एक धक्का होतो.

पिसं उपटण्याबद्दल : नैराश्याने उपटतो असं आपण लगेच म्हणतो, पण आधी आजार नाही ना ते तपासून घ्यावं लागतं. पक्षी जाणणारा डॉक्टर जवळ नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा मोठा दवाखाना आहे. नेताना खोक्याच्या तीन बाजू झाका. आणि पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं किंवा दिवसभर काहीच न खाणं यातलं काही दिसलं, तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आजार लपवणं हा पोपटाचा स्वभाव आहे, दिसायला लागतो तेव्हा तो खूप पुढे गेलेला असतो. पोपटाचा आजार माणसालाही लागू शकतो, म्हणून घरात कुणाला ताप-खोकला आला तर तुमच्या डॉक्टरांनाही सांगा की पोपट आणलाय.

गणपतीचं आत्ताच ठरवा. मंडळी यायच्या निदान आठ दिवस आधी पिंजरा मागच्या खोलीत न्या, म्हणजे ती जागा त्याच्या ओळखीची होईल. अगरबत्ती, धूप, कापूर तिथपर्यंत जाता कामा नये. झांजा, जाखडीची ढोलकी, फटाके सुरू व्हायच्या आत दार लावून पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर घाला. त्याला रोज दहा-बारा तास शांत अंधार लागतो, आरत्या रात्री अकरापर्यंत चालल्या तरी. मुलांना दारातून बघू द्या, पण एका वेळी दोघांनाच, आणि बोट आत घालायचं नाही हे आधीच सांगा. पाच वाजताची खुर्ची मात्र गणपतीतही चुकवू नका, मोदक वळायचे राहिले तरी चालतील.

शेवटचं, कागदपत्रांचं. आफ्रिकन ग्रे 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, आणि 2024च्या नियमांप्रमाणे असा पक्षी बाळगण्याची आणि दुसऱ्याकडे दिल्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. भाच्याने नोंद केली होती का ते विचारा, कागद मागवून घ्या आणि तुमच्या नावावर करा. हे पक्षी नीट सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षं जगतात. चिकूची तर आत्ता कुठे नऊ झालीत, तेव्हा तुमच्यानंतर तो कुणाकडे जाईल हेही घरात बोलून ठेवा.

प्रश्न : चैत्रात आमचा वठलेला माड पडला, त्याच्या ढोलीत राघूची दोन पिल्लं होती. एक गेलं, एक मी वाढवलं. आता ते घरभर उडतं, माझ्या ताटात जेवतं. शेजारी म्हणतात, गुन्हा आहे. सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : बाळ, जीव वाचवलास, ते चांगलं केलंस. पण शेजारी खरं बोलतात. आपले राघू आणि करण पोपट 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरी पाळता येत नाहीत. तरी आज खिडकी उघडून त्याला सोडू नकोस. माणसाच्या हातून वाढलेल्या पिल्लाला रानात काय खायचं आणि ससाण्यापासून कसं लपायचं, यातलं काहीच माहीत नसतं. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन कर, पिल्लू कुठे आणि कसं सापडलं ते जसंच्या तसं सांग आणि त्यांच्या ताब्यात दे. तोवर ताटातला भात-आमटी बंद. पेरू, ओली शेंग, हिरवी मिरची दे, आणि फांदीसकट दे, म्हणजे फांदीला लटकून खायची सवय त्याला आत्तापासून लागेल.