ट्रक हलवण्याआधी

प्रश्न : भावाच्या मोटारीला मालवाहू ट्रकने मागून धडक दिली. चालक जागेवर म्हणाला, ‘ब्रेक लागलेच नाहीत.’ मालक आता म्हणतो, ब्रेक ठणठणीत होते. ट्रक यार्डात उभा आहे. दाव्यासाठी आधी काय करावं?

उत्तर : आधी ट्रक जिथे आहे तिथेच थांबवा. वकिलामार्फत मालक आणि विमा कंपनीला लेखी नोटीस द्या, की ट्रक-ट्रेलर दुरुस्त करू, विकू किंवा भंगारात काढू नये. ‘सर्व पुरावे जपा’ एवढंच मोघम लिहिलंत, तर पळवाट राहते. म्हणून नावं घालून मागा : इंजिनाच्या संगणकातली नोंद, जीपीएस, डॅशकॅमचं चित्रण, चालकाच्या कामाच्या तासांची नोंद, वजनकाट्याची पावती, ब्रेकच्या कामाची बिलं. डॅशकॅमची सर्वाधिक घाई करा. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावरच नवं चित्रण करतो. इंजिनाच्या संगणकातही जोरात वेग कमी झाल्याच्या मोजक्याच नोंदी राहतात. ट्रक पुन्हा रस्त्यावर आला की त्या पुसल्या जाऊ शकतात.

आता ब्रेक. हवेच्या ब्रेकमध्ये हवा संपली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. अशी गाडी ओढून न्यायची, तर क्रेनवाले ती स्प्रिंग बोल्टने दाबून ठेवतात. कधी ब्रेकचा ढिलेपणा जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टरही सैल करतात. त्यांचं ते कामच आहे, पण यानंतर अपघाताच्या वेळी ब्रेक किती सैल होते हे सांगणं कठीण होतं. म्हणून ट्रक ओढताना नेमकं काय केलं, हे क्रेनवाल्याकडून लेखी घ्या. तज्ज्ञाने प्रत्येक चाकाच्या पुशरॉडची, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या दांडीची, हालचाल मोजावी, तीही दोन्ही बाजूंसमोर. एकट्याने केलेल्या तपासणीवर समोरचा वकील तुटून पडतो. दिव्यांचे फुटके बल्बही फेकू देऊ नका. धडकेच्या क्षणी बल्ब पेटलेला असेल, तर तापलेली तार ताणली जाते. थंड तार सहसा सरळ तुटते. एलईडी दिव्यांत मात्र ही खूण मिळत नाही.

प्रश्न : ट्रक एकाचा, ट्रेलर दुसऱ्याचा, माल तिसऱ्यानेच भरलेला. दावा कोणावर?

उत्तर : सुरुवातीला तिघांवरही, आणि चालकावरही. माल नीट बांधला नव्हता की जास्त भरला होता, हे लोडिंगची कागदपत्रं आणि वजनाची पावती सांगतील. टायर फुटला असेल, तर त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. टायर जुना निघाला, की देखभाल कोणाकडे होती हा प्रश्न आलाच. ज्याचा संबंध नाही, त्याला पुढे वगळता येतं. दावा दाखल करण्याची मुदत उलटल्यावर नवा पक्ष जोडणं महागात पडतं. ही मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : विमा कंपनी लगेच चेक देते आहे. घ्यावा का?

उत्तर : सोबतचा कागद वाचा. त्यावर ‘अंतिम व पूर्ण तडजोड’ असेल, तर उपचार संपेपर्यंत सही नको. मणक्याची दुखापत महिन्यांनी डोकं वर काढू शकते, आणि तेव्हा दारं बंद झालेली असतात.