सोयाबीन पिवळं पडलंय? युरियाची गोणी आधी खाली ठेवा

इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महू भागातून एकच विचारणा येते आहे: झड लागली, सरीत पाणी थांबलं, सोयाबीन पिवळं पडलं. दुकानदार म्हणतो एकरी गोणीभर युरिया फेका आणि वर जमीन मोकळी करणारं औषध सोडा. काय करावं?

युरिया फेकू नका. माळव्याची काळी माती कोरडी असताना भेगांतून पाणी भराभर पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात, मग बारीक छिद्रांतून तासाला मिलिमीटरभर पाणी उतरलं तरी पुष्कळ. छिद्रं पाण्यानं भरली की हवा संपते, मुळं गुदमरतात, मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठी काम थांबवतात. पिवळेपणा त्याचा आहे.

साचलेल्या पाण्यातला युरिया मातीला धरून राहत नाही, सरीच्या पाण्याबरोबर वाहून जातो. जो नायट्रेट होतो तो वायू होऊन उडतो, नाहीतर झिरपत विहिरीकडे जातो. हिशेबही बघा: ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं. सोयाबीनला हेक्टरी २५ किलो पुरतं, तेही पेरणीसोबतच. एकरी गोणी म्हणजे हेक्टरी पन्नासेक किलो, दुप्पट, आणि वेळ चुकलेली. दुकानदार काहीही म्हणो, गोणी फोडू नका.

आज बांधाच्या उताराकडचं तोंड फोडा, पाणी काढा. वाफसा आला, ढेकूळ हातात फुटू लागलं की डवरणी करा, सहा ओळींआड एक सरी ओढा. ओल्या रानात ट्रॅक्टर नको, बैलही नको. दाबानं उरलीसुरली छिद्रं बुजतात. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो मोझॅक, विषाणूचा रोग. ती झाडं उपटून नष्ट करा.

बाटलीतल्या औषधानं एकराची माती मोकळी होत नाही. ट्यूबवेलच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर मातीचे कण सुटे होतात, पाण्यासोबत खाली सरकून छिद्रांत अडकतात. तिथे जिप्सम चालतं, पण माती-पाण्याची तपासणी झाल्यावरच. सरसकट जिप्सम विकणाऱ्याचंही ऐकू नका.

पुढच्या खरिपात मात्र रुंद वरंबा-सरीवरच पेरा. काळ्या रानात सपाट पेरणीचा हट्ट आता सोडाच: वरंब्यावर मुळांना हवा मिळते, जादा पाणी सरीतून निघून जातं, आणि पाऊस ताणला तर सरीतली ओल कामी येते. त्यासाठीच्या पेरणी यंत्राच्या अनुदानासाठी मध्य प्रदेशच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज. खसरा-बी १ (जमिनीचा उतारा), आधार, बँक पासबुक लागेल. जिप्सम घ्यायच्या आधी मातीचा नमुना तपासून घ्या.