हायब्रिड गाडी रोजच्या वापरात खरंच २७-२८ चं ॲव्हरेज देते का?

प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोड ते हिंजवडी येऊन-जाऊन ४० किमी, महिन्यातून दोनदा सातारा, ब्रोशरवर २७.९७ लिहिलंय, तेवढं मिळेल का आणि गाडी घ्यावी का?

२७.९७ मिळणार नाही. शहरात २१ ते २४ धरा आणि साताऱ्याच्या रस्त्यावर १८ ते २०. शोरूमवाला "सर, २५ तर कुठेच गेले नाहीत" म्हणाला तर मान डोलवा आणि विषय बदला.

२७.९७ हा मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणींच्या स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला एकटीने गाडी ओढू शकणारी मोटर) आकडा. तो रस्त्यावर काढलेलाच नाही. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरलेल्या चालीने १,१८० सेकंद चालवतात. त्यात अंतर जेमतेम साडेदहा किमी पडतं, सरासरी वेग ताशी ३२-३३ आणि कमाल ९०. भूमकर चौकातली कोंडी नाही, मे महिना नाही, मागे तीन माणसं नाहीत. हा आकडा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला ठीक आहे. महिन्याचं पेट्रोलचं बजेट त्यावर बसवू नका.

आता मला जे खुपतं ते. हायब्रिडचं ॲव्हरेज सांगणारी निम्मी माणसं मीटरवरचा आकडा सांगतात, आणि तो कुठून कुठपर्यंतचा हे सांगत नाहीत. आमचे मेहुणे त्यातलेच. लोणावळ्याला चहा झाल्यावर ट्रिप मीटर शून्य केला, पनवेलला उतरून "बघा, ३१!" असं जाहीर केलं, आणि तो आकडा घरातल्या प्रत्येक लग्नात फिरला. अहो, लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर आहे आणि खोपोली साठेक मीटरवर. साडेपाचशे मीटर खाली घरंगळलात तर बैलगाडीसुद्धा ॲव्हरेज देईल. येताना तोच घाट चढताना मीटर बघायचं कुणालाच सुचलं नाही. तीच गाडी, तोच रस्ता, पुण्याहून टाकी फुल करून परत पुण्यात त्याच पंपावर फुल केली: २६० किमीला १३.३ लिटर, म्हणजे साडेएकोणीस.

घाट उतरताना मेहुण्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली होती, "पेट्रोल वाचतं" म्हणून. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे आणि हायब्रिडमध्ये ती सरळ उलटी पडते. टोयोटाच्या पद्धतीत न्यूट्रलला बॅटरी अजिबात चार्ज होत नाही. सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो, आणि वर एसी बॅटरी खात राहतो. खाली पोचेपर्यंत बॅटरीच्या दोन कांड्या उरल्या, आणि सपाटीला लागल्या लागल्या इंजिन सुरू होऊन चार्जिंगला बसलं.

'डी'मध्ये ठेवली असती तर काय झालं असतं, त्याचा हिशेब सोपा आहे. माणसं-सामान धरून १,५५० किलोची गाडी ५५० मीटर उतरते तेव्हा साधारण सव्वादोन युनिट ऊर्जा सुटते. त्यातली चाळीसेक टक्के टायर आणि वारा खातात. मोटर-इन्व्हर्टरची घट वजा केली तर पाऊण ते एक युनिट बॅटरीपर्यंत यायला हवं. पण या गाडीची अख्खी बॅटरीच पाऊण युनिटाची (०.७६), आणि सिस्टीम तिला वरून-खालून राखून वापरते, म्हणजे खेळायला मिळतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून अर्धा घाट उतरायच्या आत बॅटरी भरते. मग गाडी इंजिनला पेट्रोल न देता नुसतं फिरवून वेग रोखते. इंजिन घोंगावतं आणि लोक घाबरतात: "उताराला एवढं पेट्रोल कसं पितेय?" पीत नाहीये. त्या वेळी इन्स्टंट ॲव्हरेजचा आकडा बघा, शेवटच्या टोकाला चिकटलेला असतो. लांब उताराला आधीपासून 'बी' (गिअरच्या दांड्यावरची, इंजिनाने वेग रोखायची खूण) लावा, डिस्क थंड राहतात.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर न्यूट्रलमुळे बुडालेलं पेट्रोल फार तर शंभर-सव्वाशे मिली, म्हणजे बारा-तेरा रुपये. घाटात न्यूट्रल नको ते त्या बारा रुपयांसाठी नव्हे, तापलेल्या ब्रेकसाठी. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

सिग्नललाही तेच. ९० सेकंद थांबायचं म्हणून न्यूट्रल टाकू नका. 'डी'मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभे राहा, इंजिन तसंही बंदच असतं.

शहरात हायब्रिड का जिंकते? साधी पेट्रोल ऑटोमॅटिक वाकडला अर्धा तास रांगेत उभी असते तेव्हा तिचं इंजिन जळत असतं, हायब्रिडचं बंद असतं. तिथे साधी १२ ला येते आणि ही २२ ला राहते. हायवेला इंजिन तसंही बऱ्या भारावर चालत असतं, ब्रेक कमी लागतो, परत मिळवण्यासारखं काही उरत नाही. उरतो तो वारा, आणि वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० ला गेलात की दीडपटीहून जास्त, ११० ला जवळजवळ दुप्पट. साताऱ्याला ८५-९० ने गेलात तर २१ दिसतील, ११० ने गेलात तर १७. उंच नाकाच्या एसयूव्हीला यातून सुटका नाही.

ईव्ही मोडचं बटण दाबून सोसायटीत "बॅटरीवर चालवतो" म्हणून मिरवणाऱ्यांना एकच सांगणं: त्या बॅटरीत जे आहे ते एकतर पेट्रोलमधून आलंय नाहीतर ब्रेकमधून, आणि ब्रेकमधलंही मुळात पेट्रोलचंच. पेट्रोलची वीज, विजेची बॅटरी, बॅटरीची परत वीज, प्रत्येक ठिकाणी थोडी गळती. ते बटण पार्किंगमधून पहाटे आवाज न करता बाहेर पडायला आहे. एरवी सिस्टीमला तिचं ठरवू द्या. तुम्ही फक्त ब्रेक लवकर आणि हलका लावा. गेजची सुई चार्जच्या पट्ट्यात राहिली तर मोटर काम करतेय. करकचून दाबलात की डिस्क काम करते आणि ती ऊर्जा नुसती गरम हवा होते.

ॲव्हरेज अचानक पडलं तर आधी या गोष्टी बघा. पहिली, छोट्या फेऱ्या. भाजी, शाळा, परत भाजी अशा दीड-दोन किमीच्या फेऱ्यांत १५-१६ सुद्धा येतं, कारण थंड इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापवायला इंजिन बॅटरी भरलेली असली तरी चालतंच. दुसरी, उन्हात तापलेली गाडी. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर आहे, सुरुवातीला चांगलाच ओढतो, म्हणून पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर काढा. तिसरी, टायर. दारालगतच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला, त्यामुळे तिथे 'बरोबर' भरलेली हवा सकाळी दोन-तीन पीएसआय कमी निघते. चौथी कुणी बघत नाही: बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी. गाडीप्रमाणे ती मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली असते. धूळ, कुत्र्याचे केस, वर टाकलेली शाल, यांनी ती तुंबते. मागून पंख्याचा आवाज वाढतो, बॅटरी तापते, सिस्टीम तिच्याकडून कमी काम घेते आणि इंजिन जास्त चालतं. सर्व्हिसिंगला ती जाळी साफ करायला तोंडाने सांगा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच पातळ ग्रेडचं; ओळखीच्या गॅरेजवाल्याचं "जाड टाकू, इंजिन टिकेल" ऐकू नका.

ई-२० चंही (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मनात धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागे ६-७ टक्के ऊर्जा कमी. हे गणित हायब्रिडलाही चुकत नाही.

तुमचा हिशेब. महिन्याला २२ दिवस धरून शहरात वर्षाला १०,५६० किमी, साताऱ्याचे ५,४०० किमी. शहरात २२ विरुद्ध १२ म्हणजे ४०० लिटर वाचले. हायवेला १९ विरुद्ध १६.५ म्हणजे फक्त ४३ लिटर. एकूण ४४३ लिटर, लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला ४६ हजार. माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकपेक्षा ऑन-रोड फरक अडीच लाख असेल तर तो वसूल व्हायला साडेपाच वर्षं. फरक तुमच्या कोटेशनमधून घाला, मी अंदाजाने धरलाय. हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी आहे, तेवढी भीती सोडा. आणि 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेली माइल्ड गाडी यात मोजू नका, तिची मोटर एकटीने गाडी ओढत नाही.

वरचं सगळं टोयोटा-मारुतीच्या १.५ लिटर जोडीबद्दल. होंडा सिटी हायब्रिडची रचना वेगळी आहे, हायवेच्या स्थिर वेगाला तिचं इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं, आणि गाडीही बुटकी; तिथे हायवेचे आकडे याहून बरे येतात. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस २ लिटरची आणि जड, तिचे याहून खाली.

घेतलीत तर ॲव्हरेज असं मोजा: तोच पंप, तीच बाजू, पहिल्या कट-ऑफला (नोझल आपोआप बंद होतं तिथे) थांबा, "राऊंड फिगर करू का" ला नाही म्हणा. दहा लिटरच भरलंत तर कट-ऑफमधला अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक आकडा ५-७ टक्क्यांनी हलवतो, म्हणून टाकी ३५ लिटर तरी रिकामी झाल्याशिवाय मोजू नका, आणि अशा तीन टाक्यांची बेरीज घ्या. माझ्या १३.३ लिटरवर मेहुण्यांनी हाच आक्षेप घेतला होता. बरोबर होता. पाऊण लिटर त्यांच्या बाजूने सोडलं तरी २०.७ येतात, ३१ नाहीत.