गाडीसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? जळगावहून तोरणमाळला जायचंय, तिथे रेंज जाते म्हणतात.

फक्त त्यासाठी घेऊ नका. मोबाइलचं जीपीएस थेट उपग्रहांकडून जागा ओळखतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून घरूनच, वायफायवर, गूगल मॅप्समध्ये शहादा, धडगाव, तोरणमाळचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. त्याची मुदत संपते, निघण्याआधी अपडेट करा. रेंज नसताना वाहतूक कोंडी तेवढी कळणार नाही, पण सातपुड्यात ती कितीशी असणार!

आपल्याकडे खरा त्रास उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. काचेला चिकटवलेला मोबाइल तापतो, स्क्रीन मंद होते, कधी बंदच पडतो. माझा धुळ्याच्या रस्त्यावर भर दुपारी पडला होता. तेव्हापासून होल्डर एसीच्या जाळीवर लावतो आणि चार्जर सोबत ठेवतो.

रोज भाड्याची गाडी चालवत असाल, फोन सतत वाजत असेल, तर मात्र वेगळं यंत्र जरूर घ्या. घेताना नकाशाचे अपडेट फुकट मिळतात का, आणि सातपुड्यातली लहान गावं त्यात सापडतात का, हे दुकानातच तपासा. आणि घाट अंधार पडायच्या आत चढा.