हिमोग्लोबिन कमी आहे, रोज संत्रं खाल्लं तर वाढेल का?

नुसत्या संत्र्यानं वाढणार नाही, पण जेवणासोबत खाल्लं तर मदत नक्की होते. हिमोग्लोबिन बनायला लागणारं लोह संत्र्यात जवळपास नसतंच. असतं ते क जीवनसत्त्व, मध्यम फळात साधारण 50 ते 70 मिलिग्रॅम. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, चवळीची भाजी यांतलं लोह आतड्याला सहज शोषता येत नाही, कारण धान्यातला फायटेट नावाचा घटक त्याला धरून ठेवतो. क जीवनसत्त्व त्याच लोहाचं शोषता येईल असं रूप करतं, पण दोन्ही एकाच वेळी पोटात हवेत. दुपारी चार वाजता खाल्लेलं संत्रं सकाळच्या भाकरीच्या कामी येत नाही.

संत्र्याचा बहार नसेल तेव्हा जांब (पेरू) किंवा आवळा घ्या, दोन्हींत क जीवनसत्त्व संत्र्याहून बरंच जास्त. उन्हाळ्यात लिंबू आहेच, फक्त भाजी उतरवल्यावर पिळा. उकळत्या भाजीत ते बरंचसं नष्ट होतं.

खरा घोळ चहाचा आहे. जेवून उठल्याबरोबर घेतलेला चहा लोह अडवतो, म्हणून आधी-नंतर तासभर तरी नको. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीही चहा-दुधासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत चालते. आणि फळं सुरू केली म्हणून ती गोळी बंद करू नका.

मात्र विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे, आणि त्यात हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण वेगळं असतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या, मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.