उन्हाळ्यात फेल जाणारा सायलेन पाइप: कॅटॅलिस्टला हात लावायच्या आधी हे वाच

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि मला माझा गोकुळ शिरगावातला मार्च महिना आठवला. 8 मिमी जाडीच्या भिंतीचा, सायलेनचा (प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) पॉलिथिलीन पाइप, पावसाळ्यात पास, उन्हाळा आला की जेल (जोडल्या गेलेल्या, न विरघळणाऱ्या मालाचा टक्का) कमी, आणि आता तू कॅटॅलिस्ट (ही जोडणी वेगानं करणारं द्रव्य) वाढवायचं म्हणतोयस. नको वाढवू. डायमध्ये (पाइपला आकार देणारा साचा) गाठी धरतील आणि मशीनचा स्क्रू बाहेर ओढून घासत बसशील दोन दिवस.

ग्राफ्टिंग-बिफ्टिंग (साखळीला सायलेन चिकटवणं) तुला माहीत असणारच, ते सोडतो. पण हे क्युअरिंग (साखळ्या एकमेकींना जोडणं, म्हणजे क्रॉसलिंक; आम्ही शिजणं म्हणतो) पाण्यावर चालतंय आणि पॉलिथिलीनमधनं पाणी मुंगीच्या पावलानं आत जातंय. जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट. जुलैत आपल्याकडं हवाच ओली, शेडमध्ये पडलेला पाइप हळूहळू आपोआप शिजतोय, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कुठनं शिजणार?

म्हणून आम्ही गरम पाण्याची टाकी केली, 85-90 अंश, झकास. आणि चिखल जाऊ नये म्हणून पाइपला लावलेल्या टोप्या तशाच ठेवून आत सोडायचो! बाहेरनं पाणी, आतनं ठणठणीत कोरडा. लॅबचा रिपोर्ट आला 71 टक्के जेल, सायलेनच्या पाइपला किमान 65 लागतंय, म्हणजे पास. गिऱ्हाइकाच्या गरम पाण्याच्या लाइनवर पाइप फुगला तेव्हा लॅबला विचारलं, तुकडा कुठनं कापलेला? तर म्हणे, "रिपोर्टवर आहे तेवढंच." तीनदा गेलो, साहेब जेवायलाच गेलेले. शेवटी मीच ब्लेडनं भिंतीचे तीन थर सोलून वेगवेगळ्या जाळीच्या पुड्यांत घालून झायलीनमध्ये उकळले. बाहेरचा थर जेलीसारखा फुगून जाळीत शिल्लक, आतला न जोडलेला, म्हणून विरघळून जवळपास पत्ताच नाही. अख्खा लॉट परत घेतला, पुढचं विचारू नकोस. (झायलीन पेटतंय, घरच्या गॅसवर प्रयोग करू नकोस, धूर ओढणारं कपाट पाहिजे.)

आणि क्रॉसलिंक केलं की पाइप दगड होतो, असं जे तू लिहिलंयस ते माझ्या मते चुकीचं आहे. थंड असताना कडकपणा जवळपास तोच. खरा फरक तापल्यावर. 130 अंशाच्या आसपास साधं एचडीपीई (क्रॉसलिंक न केलेलं घट्ट पॉलिथिलीन) वितळून वाहायला लागतंय, क्रॉसलिंक केलेलं मात्र रबरासारखं होऊन आकार धरून राहतंय. दाबाखाली सावकाश ताणत जाणं आणि चिरा जाणंही कमी. पण अति केलं तर लवचिकपणा जातोय. आणि शिजलेला स्क्रॅप दळून मशीनच्या हॉपरमध्ये (माल ओतायचं तोंड) टाकू नकोस, तो परत वितळत नाही. आमच्या शेजारच्या शेडवाल्यानं तर पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) पेरॉक्साइड घातलं क्रॉसलिंक होईल म्हणून, साखळ्या तुटून माल पाण्यासारखा पातळ!

मी काही पॉलिमर इंजिनिअर नव्हे, माझं मशीन आणि माझं कंपाउंड (पाइपचा कच्चा माल) यापुरतंच बोलतोय, तुझ्या सप्लायरची डेटाशीट आधी बघ. पण टोप्या काढ, पाणी आतनं फिरू दे, आणि लॅबला तुकडा देताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिही, "आतला थर". कंपाउंडची फॉइलची पिशवी उघडली की त्याच पाळीत संपव, पावसाळ्यात तर नक्कीच.